नऊला झोपणारा फोन

सकाळी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना उपनिरीक्षक चैताली वाघचौरेचा फोन वाजला. पलीकडे हवालदार गोटीराम होता. बावीस वर्षं खात्यात काढलेला माणूस, पण आज त्याचा आवाज थाऱ्यावर नव्हता.

“मॅडम, म्हसरूळला या. कंपनीची बस थांबती ना, त्या कोपऱ्यावर. एका बाईवर कोयत्यानं वार केलेत. नवराच हाय म्हणतात लोक.”

“जिवंत आहे?”

“हाय. पण लय वाईट हाय.”

चैताली पोहोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. रस्त्यावर एक चप्पल, जेवणाचा डबा आणि मोबाईल पडला होता. डब्यातली मेथीची भाजी रस्ताभर झाली होती. मोबाईल मात्र नुसता पडून फुटलेला नव्हता. शेजारी दगड होता, आणि त्या दगडाने कुणीतरी बसून, मन लावून तो ठेचला होता. बायकोला मारून पळायच्या घाईत असलेल्या माणसाला एवढी फुरसत कशी मिळाली, हे तिला तिथंच खटकलं. पण खटकलेल्या गोष्टी नंतर बघू म्हणून बाजूला ठेवायची सवय पोलिसांना असते. तिलाही होती.

बाईचं नाव तेजल बोडके, वय एकोणतीस. नवरा नवनाथ बोडके, राहणार विंचूर. पाऊण तासात तो आडगाव नाक्यावर पेट्रोलच्या रांगेत सापडला. शर्टावर रक्त, आणि चेहऱ्यावर रांग पुढे सरकत नसल्याचा वैताग! गोटीरामने मोटरसायकलला लटकवलेल्या पिशवीचा पंचनामा केला. कोयता, टॉवेल, शर्ट-पँटचं नवं कापड, चांदीचं एक लहान निरांजन आणि स्टीलचा डबा. डब्यात अनारसे.

“घ्या,” मोठे साहेब म्हणाले, “गडी फराळ बांधून घेऊन आलाय खून करायला.”

दोघं-तिघं हसले. चैतालीने डब्याचं झाकण लावलं.

पुढची हकीकत दुपारपर्यंत कळली. नवनाथ मारायचा. जानेवारीत त्याने तेजलचा जुना फोन फोडला आणि तिचं मनगट मोडलं, तशी ती विंचूरहून निघाली ती परत गेलीच नाही. म्हसरूळला तानुबाई नावाच्या म्हातारीकडे एक खोली घेतली. सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. ते काम वेदिकाने लावून दिलं होतं. वेदिका ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. खोलीचा पत्ता फक्त वेदिकाला आणि तानुबाईला ठाऊक होता. पाच महिने नवनाथने नाशिक पालथं घातलं, पण त्याला तिचा माग लागला नव्हता.

मग सोमवारी पहाटे तो नेमका त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन कसा उभा राहिला?

“कुणी सांगितलं तुला?” चैतालीने विचारलं.

नवनाथ भिंतीकडे बघत होता. “मोबाईलवर कळलं.”

“कुणाच्या मोबाईलवर?”

त्यापुढे त्याने तोंडाला कुलूप घातलं. पट्टा दाखवला, दरडावलं, चहासुद्धा पाजला. तो हूं की चूं करेना. त्याच्या फोनचे सगळे कॉल काढले, तर त्यात संशय घ्यावा असं कुणीच सापडलं नाही.

संध्याकाळी लासलगावहून तेजलचे वडील आले. निवृत्ती सांगळे, सेवानिवृत्त शिक्षक. पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला पेन, हातात प्लॅस्टिकची फाइल. मुलगी अतिदक्षता विभागात असताना माणूस इस्त्रीचे कपडे घालून येतो, याचं चैतालीला वाईट वाटलं, कौतुकही वाटलं. नीटनेटक्या माणसाबद्दल आपलं मत आपोआप चांगलं होतं. तिचंही झालं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. तिनेही गुरुजीच म्हटलं.

“तुम्हाला तिचा पत्ता माहीत होता, गुरुजी?”

“नाही. ती म्हणाली, तुम्हाला ठाऊक नसलेलंच बरं, तो आधी तुमच्याकडेच येईल. मी आग्रह धरला नाही.”

“जावई आले होते तुमच्याकडे?”

“पाच महिन्यांत मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही.”

“मग कळलं कसं असेल?”

गुरुजींनी फाइल उघडली. ज्येष्ठ नागरिक संघात मोबाईलच्या सुरक्षिततेवर त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं वर्तमानपत्रातलं कात्रण होतं ते. मथळा होता, ‘अधिकृत स्टोअरबाहेरचं ॲप म्हणजे उघडं दार.’

“मॅडम, सुयश पगारे नावाच्या मुलाने बायकांसाठी एक ॲप काढलंय. ‘सोबत’. ते स्टोअरवर मिळत नाही. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवतात. ते ॲप बाईचा ठावठिकाणा सतत कुठंतरी पाठवत असतं. तेजलने जानेवारीत ते घेतलं होतं. मी शंभर वेळा सांगितलं, पोरी, बाहेरचं काही घालू नकोस. तिने ऐकलं नाही.” इथे त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं आजही म्हणावं लागेल.

मंगळवारी दुपारी तेजल गेली. संध्याकाळी कुठल्याशा वाहिनीवर पट्टी फिरू लागली, ‘बाहेरच्या ॲपने घेतला विवाहितेचा बळी’. साहेबांना वरून फोन आला. साहेबांनी चैतालीला बोलावलं. तपास कागदोपत्री साहेबांकडे होता, पायपीट तिच्याकडे. रात्री आठच्या आत सुयश पगारेला त्याच्या घरून उचलून आणलं. ‘सोबत’ मोबाईलमधून काढून टाका, अशी सूचनाही पोलिसांनी काढली. अटकेच्या कागदावर सही चैतालीची होती. वापरणाऱ्यांच्या यादीत तेजलचं नाव होतंच. त्या रात्री तिला एवढा पुरावा पुरला.

शुक्रवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. शुक्रवारी अकरा वाजता कोर्टात खुनाला साहाय्य केल्याचं कलम लावायचं, असं साहेबांनी ठरवून टाकलं. सत्तावीस वर्षांच्या पोराच्या कपाळी ते एकदा लागलं, की सुटायला निम्मं आयुष्य जातं. सगळ्यांना हे माहीत होतं. सुयशची आई अंगणवाडी सेविका होती. ती ठाण्याच्या बाकावर बुधवारी सकाळी येऊन बसली आणि उठायचं नावच घेईना.

बुधवारी चैतालीने सुयशला समोर बसवलं. चष्म्याची एक काडी अटकेच्या गडबडीत मोडली होती. तो चष्मा हाताने धरून बोलत होता.

“ॲप अधिकृत स्टोअरवर का नाही?”

“दोनदा पाठवलं. दोनदा नाकारलं.”

“का?”

“त्यांचा नियम आहे, ॲप जे दाखवतं तेच त्याने केलं पाहिजे. माझं ॲप उघडलं की पुरणपोळीची कृती दिसते. खाली बोट दाबून धरलं की खरं ॲप येतं. बाईने बटण तीनदा दाबलं की तिने निवडलेल्या दोन माणसांना ती कुठे आहे ते कळतं.”

“म्हणजे फसवणूकच.”

“हो. नवऱ्याची.”

चैताली चिडली. “अक्कल शिकवू नकोस. लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, माणूस बोट लावतो आणि नागवला जातो. दर आठवड्याला असे चार-दोन रडत येतात माझ्याकडे. कंपन्यांनी बाहेरचं सगळं बंद करून टाकलं तर माझी निम्मी कामं कमी होतील.”

“नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही, मॅडम. पण स्वयंपाकाच्या ॲपआड लपणाऱ्या बाईसाठी त्या स्टोअरमध्ये जागा नाही. तिने कुठे जायचं?”

“तेजलचा पत्ता तुझ्याकडून फुटला.”

“तेजलताईंचं खातं जानेवारीपासून मेलेलं आहे. त्यांचा जुना फोन नवऱ्याने फोडला, त्यानंतर एकदाही जोडणी झाली नाही. नव्या फोनमध्ये ते गेलंच नाही. तुम्ही माझा कॉम्प्युटर जप्त केलाय. उघडून बघा.”

“ते तपासणीला गेलंय. महिना लागेल.”

“आणि मला?”

तिने फाइल मिटली. गुन्हेगार असंच बोलतात, असं तिने स्वतःला समजावलं. पण ‘नव्या फोनमध्ये ते गेलंच नाही’ हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. न जाणं आणि न घालणं यात फरक आहे.

गुरुवारी सकाळी ती वेदिकाला भेटायला कारखान्याच्या फाटकाशी गेली. बुधवारी एका शिपायाने वेदिकाचा अर्ध्या पानाचा जबाब घेतला होता. त्यात तिचं नाव, वय आणि ‘मयत माझी मैत्रीण होती’ यापलीकडे काही नव्हतं.

“तेजलच्या नव्या फोनमध्ये ‘सोबत’ होतं?”

“नव्हतं. मीच घालायला बसले होते, फेब्रुवारीत. माझ्या फोनमध्ये आहे ना. होतं. आता तुम्ही काढायला लावलंत.” वेदिकाचे डोळे सुजलेले होते, पण आवाज धारदार होता. “पण जाईचना. बाहेरचं ॲप चालणार नाही म्हणे. आणि स्टोअरवरचं काही घ्यायचं तरी पाटी यायची, पालकांची परवानगी घ्या. आम्ही खूप हसलो तेव्हा. तेजू म्हणाली, तिशी आली माझी आणि हा फोन म्हणतो बाबांना विचार.”

“तुम्हाला नवल नाही वाटलं?”

“ती म्हणाली, फसवणूक होऊ नये म्हणून काहीतरी सेटिंग करून दिलंय, असू दे.”

“कुणी करून दिलंय?”

“फोन गुरुजींनीच दिला ना. सीबीएस बसस्थानकावर भेटून दिला, सगळं तयार करून.”

फाटकातून सकाळच्या पाळीच्या बायका आत जात होत्या.

“आणखी एक,” वेदिका म्हणाली. “रात्री नऊनंतर तिचा मेसेज कधी यायचा नाही. सकाळी सातच्या आतसुद्धा नाही. मला वाटायचं, दमून झोपते.”

तिथून चैताली म्हसरूळला तानुबाईकडे गेली. म्हातारी ओट्यावर गहू निवडत होती.

“मावशी, तेजल रात्री लवकर झोपायची?”

“ती कसली झोपती! बारा बारा वाजेपर्यंत जागी ऱ्हायची. कडी तीनतीनदा बघायची. फोनच झोपायचा तिचा. नऊ वाजले का काळा ठिक्कर. निस्ता कॉल लागायचा, बाकी काय नाय. माझ्या नातवाला दावला, तर तो म्हनला, आज्जी, असं तर माझ्या टॅबला केलंय पप्पांनी.”

“नातू केवढा आहे?”

“पाचवीत हाय.”

चैताली ओट्यावरच बसली. तिच्या आत काहीतरी सरकलं, आणि तिला ते नको होतं. हा धागा जिथे जात होता तिथे एक इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला पेन होतं. पण बाप मुलीच्या फोनवर लक्ष ठेवतो, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. काळजीही असू शकते. त्याने नवनाथला सांगितलं कशावरून? पाच महिन्यांत तोंड पाहिलं नाही म्हणाला होता, आणि फोनवर एकही कॉल नव्हता.

ती ठाण्यात परत आली तेव्हा गोटीराम मुद्देमालाच्या खोलीपाशी नाक मुरडून उभा होता.

“मॅडम, त्या डब्यातल्या अनारश्यांचं काय करायचं? मुंग्या लागल्या.”

“काय करायचं म्हणजे? मुद्देमाल आहे तो.”

“मुद्देमाल हाय खरा, पन जीव जळतो. तूप काय, खसखस काय! माझ्या सासऱ्यानं यंदा बोलावलंसुदिक नाय धोंड्याला. तीन वर्षांनी एकदा येतो अधिक मास, तर म्हनतो गुडघे दुखतेत. आन् ह्या हरामखोराला बघा.”

चैतालीने पेन खाली ठेवलं.

“पुन्हा बोला, गोटीराम.”

“काय? सासऱ्याचं?”

“निरांजन, नवं कापड, अनारसे. कुणी देतं हे?”

गोटीरामच्या कपाळावर आठी पडली, मग हळूहळू गेली. “जावयाला,” तो म्हणाला. “सासरा देतो. दुसरं कोन देनार?”

“निरोप कसा जातो आमंत्रणाचा? फोनवर?”

“छ्या! फोनवर काय बोलवायचं? मानूस धाडावा लागतो घरी.”

साहेबांना न सांगता चैताली गोटीरामला घेऊन लासलगावला निघाली. बाजार समितीपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. गाडी अर्धा तास तिथंच उभी राहिली. तिने तो अर्धा तास एकाच गोष्टीचा विचार केला. सोमवारी संध्याकाळी आपण या माणसाला पाणी दिलं होतं, खुर्ची दिली होती आणि त्याच्यावर विश्वास ठेवला होता. पगारेबाई दोन दिवस बाकावर बसली आहे, तिला यातलं काहीही दिलेलं नाही.

गुरुजींच्या घरी माणसं येऊन बसली होती. तेजलच्या फोटोपुढे दिवा होता. गुरुजींनी चैतालीला आतल्या खोलीत नेलं. त्यांची बायको दाराशी उभी राहिली. डोक्यावर पदर, चेहरा दगडासारखा.

“त्या पगारेला शिक्षा होईल ना, मॅडम?” गुरुजींनी विचारलं.

“तेच बघायला आलेय. तुमचा मोबाईल द्या, गुरुजी.”

“माझा? कशाला?”

“मेल बघायचेत.”

त्यांनी दिला. नियम पाळणारा माणूस पोलिसांना नाही म्हणत नाही, आणि जे पुसायचं ते आपण पुसलं आहे असं त्यांना वाटत होतं. चैतालीने मेल उघडले, चाळले आणि एकावर थांबली.

“तेजलचं वय किती होतं, गुरुजी?”

“एकोणतीस. तुम्हाला माहीत आहे.”

“या मेलमध्ये अकरा लिहिलंय.”

बाहेर कुणीतरी खोकलं.

“तुम्ही मुलीला फोन दिलात,” चैताली म्हणाली, “तेव्हा तिच्या नावाने नवं खातं उघडलंत आणि जन्मसाल खोटं घातलंत. लहान मुलांच्या फोनवर आई-बापांना लक्ष ठेवता यावं म्हणून एक ॲप असतं. अधिकृत. स्टोअरवरचं. ते तुम्ही जोडलंत. ती कोणतं ॲप घेणार ते तुम्ही ठरवणार, तिचा फोन नऊला बंद होणार, सातला सुरू होणार, आणि ती कुठे आहे ते तुमच्या मोबाईलवर ठिपक्याने दिसणार. तिने पत्ता सांगितला नाही हे खरंय. तुम्हाला तो सांगायची गरजच नव्हती.”

“ते तिच्या सुरक्षिततेसाठी होतं,” गुरुजी म्हणाले.

“असेल. सोमवारी दुपारी ते ॲप तुम्ही काढून टाकलंत, तेही एका मेलमध्ये आहे. मेल राहून गेले. फेब्रुवारीपासूनचे सतरा आहेत. तुमच्या पाल्याला अमुक ॲप हवं आहे, परवानगी द्यायची का? बसच्या वेळापत्रकाला दिलीत. महिला मदत क्रमांकाच्या सरकारी ॲपला नाही दिलीत. का हो?”

गुरुजींनी मोबाईल परत घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

“याच फोनमध्ये बाहेरचं ॲप जात नव्हतं. कुलूप तुम्हीच घातलं होतं. तरी माझ्यासमोर बसून तुम्ही सांगितलंत, की बाहेरच्या ॲपने घात केला. ते तिच्या फोनमध्ये नाही हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं.”

“पण म्हणून मी त्याला सांगितलं असं होत नाही!” गुरुजींचा आवाज चढला. “मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही!”

“त्याच्या पिशवीत नवं कापड होतं, चांदीचं निरांजन होतं आणि अनारसे होते. अधिक महिना चालू आहे. हे वाण सासरहून येतं, आणि नवनाथला सासर एकच. रविवारी तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत. माणूस धाडून, रीतीप्रमाणे. म्हणून फोनवर कॉल नाही. मुलीचं मनगट मोडणाऱ्याला पाटावर बसवून तुम्ही ओवाळलंत, आणि ठिपका दाखवलात. म्हणूनच त्याने तिचा फोन दगडाने ठेचला. सासरा बघतोय हे त्याला ठाऊक होतं. तो ठिपका विझवायचा होता त्याला.”

“खोटं आहे.” गुरुजी बायकोकडे न बघता म्हणाले. “अनारसे बाजारातही मिळतात.”

तेव्हा दारातल्या बाई बोलल्या.

“तेहतीस केले होते मी.”

“तू आत जा.”

“नाय जात.” त्यांनी पदर खाली घेतला. “मॅडम, लिहून घ्या. मी म्हनलं व्हतं, त्याला बोलवू नका. ते म्हनले, गाव विचारतंय, जावयाचा मान राह्यला पाहिजे. तो आला. जेवला. ह्यांच्या पायावर डोकं ठेवून रडला. एकदा भेटू द्या म्हनला. ह्यांनी चष्मा लावला आन् मोबाईल त्याच्या हातात दिला. मी वाढत व्हते. मला वाटलं, फोटो दाखवत्यात.”

“मला वाटलं मिटेल,” गुरुजी म्हणाले. आता ते अगदी हळू बोलत होते. “समोरासमोर बसतील, बोलतील, ती घरी येईल. बाहेर बायका विचारायच्या, मुलगी कुठंय? मी चाळीस वर्षं लोकांची भांडणं मिटवली. माझ्याच घरातलं...”

“मिटलं की,” बाई म्हणाल्या. “काल तुम्हीच अग्नी दिला.”

गुरुजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चैतालीला दया आली नाही. यायला हवी होती का, हे तिला पुढे बरेच दिवस ठरवता आलं नाही. माणसाकडून चूक होते, हे तिला मान्य होतं. ज्या दिवशी मुलगी रुग्णालयात तडफडत होती, त्या दिवशी याने आधी मोबाईल साफ केला, मग शर्टाला इस्त्री केली आणि एका परक्या पोराला पुढे करायला कात्रण घेऊन ठाण्यात आला. हे चुकीत बसत नव्हतं.

“चला, गुरुजी,” ती म्हणाली. “खोटा जबाब, पुरावा नष्ट करणं, आणि बाकीचं वाटेत सांगते.”

गुरुजींचा मोबाईल समोर ठेवल्यावर त्याच संध्याकाळी नवनाथही बोलला. सासऱ्याने वकिलाकरवी निरोप धाडला होता म्हणे, माझं नाव घेऊ नको, मी कोर्टात तुझ्या बाजूने बोलेन. मुलीच्या मारेकऱ्याला हा शब्द देताना गुरुजींच्या मनात काय होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शुक्रवारी कोर्टाने सुयशला सोडलं. वाहिनीवर ती पट्टी पुन्हा आली नाही. बापाने ठावठिकाणा दाखवला, यात बातमी होती, पण बाहेरच्या ॲपसारखी सोपी नव्हती. साहेब म्हणाले, “सुटला ना? झालं तर मग. आता उगाच काही लिहून-बिहून देऊ नका त्यांना. खात्याची शोभा होईल.”

ठाण्यात सुयश आईबरोबर त्याच्या वस्तू घ्यायला आला. चष्म्याला चिकटपट्टी लावली होती.

“ॲप पुन्हा सुरू कर,” चैताली म्हणाली. “मी सांगते बायकांना.”

“दोनशे बारा जणी होत्या. तुमच्या सूचनेनंतर नऊ उरल्यात.” त्याने घड्याळ मनगटावर बांधलं. “आणि उद्या त्यांच्यातल्या कुणाला काही झालं, तर तुम्ही आधी कुणाच्या दारात याल?”

तो दाराकडे वळला. पण त्याची आई जागची हलली नाही. पगारेबाई टेबलासमोर आल्या आणि दोन्ही हात टेबलावर टेकवून उभ्या राहिल्या.

“मॅडम, एक विचारू? फोन कुणी दिला, हे तुम्ही त्या बापाला पहिल्या दिवशी का नाही विचारलं?”

चैतालीने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत.

“तो गुरुजी होता म्हणून? पांढरा शर्ट घालून आला म्हणून? आणि माझ्या पोराचं आडनाव ऐकून तुम्हाला काहीच विचारावंसं वाटलं नाही?”

गोटीराम खाली बघू लागला. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं.

“हो,” चैताली म्हणाली.

पगारेबाईंना या उत्तराची अपेक्षा नसावी. त्यांनी टेबलावरचे हात काढले. मग म्हणाल्या, “तेवढं लिहून द्या. आमच्या कॉलनीत सगळ्यांनी टीव्ही बघितलाय. तुमचं तोंडी मी कुणाला दाखवू?”

आतून साहेबांनी हाक मारली, “वाघचौरे, जरा या.”

चैतालीने कोरा कागद ओढला, वर तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली. साहेबांनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा ती सही करत होती.